ॲटनबरो : आधी गाव, मग माणूस

इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅम शहराच्या नैर्ऋत्येला, ट्रेंट नदीच्या काठी, ॲटनबरो नावाचं निसर्ग-राखीव क्षेत्र आहे. १९२९पासून तिथे खडी-वाळूचा उपसा चालू होता. उपशाच्या खड्ड्यांत पाणी साचून तळी झाली, तळ्यांवर पक्षी उतरू लागले आणि १९६६ साली हा परिसर राखीव म्हणून खुला झाला. उद्घाटन केलं डेव्हिड ॲटनबरो यांनी. त्यामुळे या क्षेत्राला त्यांचंच नाव दिलं असणार, असं बाहेरच्या माणसाला सहज वाटून जातं. खरी गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. राखीव क्षेत्राला नाव मिळालं ते शेजारच्या ॲटनबरो या लहानशा गावावरून. आणि डेव्हिड यांना, त्यांचे थोरले बंधू रिचर्ड यांना, त्यांच्या वडिलांना-आजोबांना आडनाव मिळालं तेही त्याच गावाकडून, काही शतकं आधी.

मराठी वाचकाला हे आडनाव परकं नाही. रिचर्ड ॲटनबरोंच्या १९८२च्या ‘गांधी’मध्ये रोहिणी हट्टंगडींनी कस्तुरबा साकारली आणि त्याच चित्रपटाच्या वेशभूषेसाठी कोल्हापूरच्या भानू अथैया ऑस्कर मिळवणाऱ्या पहिल्या भारतीय ठरल्या. पण हे आडनाव इंग्लंडमध्येही विरळच आहे, आणि विरळ आडनावांभोवती जितके गैरसमज साचतात तितके स्मिथ-जोन्सभोवती साचत नाहीत. ‘एवढं वेगळं आडनाव, म्हणजे मोठं घराणं असणार’ हा त्यातला पहिला आणि सर्वांत चिवट.

गैरसमज : गावाचं नाव आडनावात आहे, म्हणजे पूर्वज त्या गावाचे धनी होते

नॉर्मन सरदारांपैकी काहींच्या बाबतीत हे खरं होतं. ते आपल्या जहागिरीचं नाव लावत. पण इंग्लंडमधली गावावरून पडलेली बहुसंख्य आडनावं सामान्य माणसांची आहेत, आणि ती पडली गाव सोडल्यावर. आपल्याकडच्या ‘कर’ लागणाऱ्या आडनावांचं तर्कशास्त्र इथे जसंच्या तसं लागू पडतं. खुद्द कोल्हापुरात कोणाला कोल्हापूरकर म्हणून वेगळं ओळखता येणार? तो माणूस दुसरीकडे जाऊन राहिला, की मग त्या नावाला अर्थ येतो. तेराव्या-चौदाव्या शतकात ॲटनबरोहून कोणी शेजारच्या गावात शेतीला, चाकरीला किंवा लग्न करून गेला, तर तिथल्या जॉन-विल्यमच्या गर्दीत त्याला ‘ॲटनबरोचा’ म्हणणं सोयीचं होतं. ॲटनबरो गावाचा इतिहासातला सर्वांत प्रसिद्ध सुपुत्रही ॲटनबरो आडनावाचा नाही. १६११ साली तिथे जन्मलेला हेन्री आयर्टन हा ऑलिव्हर क्रॉमवेलचा जावई होता, आणि १६४९मध्ये राजा पहिला चार्ल्स याच्या मृत्युदंडाच्या फर्मानावर त्याची सही आहे.

डेव्हिड आणि रिचर्ड यांचे वडील फ्रेडरिक ॲटनबरो यांचा जन्म स्टेपलफर्डचा. तिथे त्यांच्या वडिलांचा बेकरीचा व्यवसाय होता. स्टेपलफर्डपासून ॲटनबरो गाव अवघ्या चारेक किलोमीटरवर. म्हणजे ज्या गावाने आडनाव दिलं त्याच्या पायरीशीच हे कुटुंब विसाव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत होतं. पुढे फ्रेडरिक शिकून लेस्टरच्या युनिव्हर्सिटी कॉलेजचे प्राचार्य झाले (१९३२ ते १९५१) आणि मुलं त्या कॉलेजच्या आवारात वाढली. प्रतिष्ठा आली ती शिक्षणातून. त्यात आडनावाचा काही वाटा नाही.

दुसरा समज याच्या जोडीला असतो : इंग्रजी आडनावं १०६६ साली विल्यम द कॉन्करर घेऊन आला. १०८६मध्ये त्याने करवून घेतलेल्या ‘डूम्सडे बुक’ या जमीन-मोजणीत बहुसंख्य माणसं एकेरी नावाने येतात. आडनाव, तेही बापाकडून मुलाकडे जाणारं, फार थोड्यांना होतं. ही प्रथा आधी सरदारांत, मग दक्षिणेकडच्या शहरांत, मग शेतकऱ्यांत अशी हळूहळू झिरपत गेली. इंग्लंडच्या बहुतेक भागात १४००च्या सुमारास ती रुळली. उत्तरेकडे त्याहून उशीर झाला आणि वेल्समध्ये तर बापाचंच नाव लावण्याची रीत आणखी काही शतकं टिकून होती. त्यामुळे ‘आमचं आडनाव हजार वर्षांपूर्वीचं’ असं कोणी इंग्रज म्हणू लागला, तर पुरावा मागायला हवा.

‘अ‍ॅटन’ आणि ‘बरो’

इथला गैरसमज अडाणीपणाचा नाही, चांगल्या अभ्यासकालाही चकवा देईल असा आहे. मध्ययुगीन इंग्रजीत ‘अ‍ॅटन’ म्हणजे ‘च्या जवळचा’, ‘च्यापाशी राहणारा’. त्यावरून खरोखरच आडनावं झाली. ‘अ‍ॅटन अ‍ॅश’, म्हणजे अ‍ॅशच्या झाडापाशी राहणारा, याचं जोडाजोडीत ‘नॅश’ झालं. ओकच्या झाडांपाशी राहणाऱ्यांचं ‘नोक्स’ झालं. मग ॲटनबरो म्हणजे ‘बरोपाशी’, तटबंदीच्या वस्तीपाशी राहणारा, असं का नसावं? आणि तसं असेल तर कुठल्याही तटाशेजारी राहणारा कोणीही ॲटनबरो होऊ शकतो. मग हे आडनाव एका गावाचं उरत नाही.

पण गावाचं नाव स्वतंत्रपणे बाराव्या शतकातल्या नोंदींत आढळतं आणि त्या जुन्या रूपांवरून स्थलनामांचे अभ्यासक त्याचा पहिला भाग अ‍ॅडा किंवा तशाच एखाद्या अँग्लो-सॅक्सन माणसाच्या नावाशी जोडतात. दुसरा भाग ‘बर्ह’, म्हणजे तटबंदीची जागा. पीटरबरोमधला ‘बरो’ही तोच. म्हणजे गावापुरतं पाहिलं तर ‘अ‍ॅडाची गढी’. आडनावासाठी कोणती वाट खरी, हे निव्वळ शब्दांवरून ठरत नाही. ते ठरवायला माणसं कुठे राहत होती हे पाहावं लागतं, आणि त्यांच्या रक्तातही डोकावावं लागतं.

राहण्याचा पुरावा स्पष्ट आहे. इंग्लंड आणि वेल्सची १८८१ची जनगणना स्वयंसेवकांनी नाव न् नाव उतरवून काढली, त्यामुळे कोणतं आडनाव कुठे दाट होतं याचे नकाशे तयार करता येतात. ॲटनबरो हे आडनाव त्या नकाशात नॉटिंगहॅमशायरला घट्ट चिकटलेलं दिसतं, लगतच्या डर्बीशायरमध्ये सांडतं आणि मग लंडनसारख्या मोठ्या शहराकडे विखुरतं. एकोणिसाव्या शतकात लंडनमध्ये ॲटनबरो म्हटलं की पहिल्यांदा आठवत ते गहाण ठेवून पैसे देणारे सराफ. फ्लीट स्ट्रीटवर त्यांची पेढी होती. देशभर ठिकठिकाणी तटबंद्या होत्या. ‘तटापाशी राहणारा’ एवढाच अर्थ असता तर हे आडनाव देशभर तुरळक पसरलेलं दिसलं असतं.

‘रेल्वे आली, कारखाने आले, माणसं उठून गेली, आता नकाशाला काय अर्थ?’ हा आक्षेप नेहमी ऐकू येतो. उठून गेली हे खरं, पण वाटतं तितक्या लांब नाही. बहुतेकांची लग्नं चालत जाता येईल एवढ्या अंतरात होत. १६६२च्या कायद्याने गरिबांना मदत मिळण्याचा हक्क आपापल्या पॅरिशशी, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीशी, बांधला गेला, त्यामुळे परक्या पॅरिशमध्ये गरीब माणसाला सहज थारा मिळत नसे. शिवाय नॉटिंगहॅमच्या आसपास पोटाला काम होतं. मोजे विणायचं यंत्र १५८९ साली याच जिल्ह्यातल्या विल्यम लीने बनवलं होतं. पुढे लेसचा धंदा आला, कोळशाच्या खाणी आल्या. गाव सोडणारा माणूस दोन-तीन गावं ओलांडून तिथेच स्थिरावत होता. म्हणून सहाशे वर्षांनंतरही आडनावाचं बूड सापडतं.

गैरसमज : स्पेलिंग वेगळं, म्हणजे कूळ वेगळं

हे आडनाव कागदोपत्री शेवटच्या अक्षरांत बदलून अनेक तऱ्हांनी येतं. ‘आम्ही अमुक स्पेलिंगवाले, त्यांचा आमचा संबंध नाही’ असं घराघरांत ठामपणे सांगितलं जातं. पॅरिशच्या जन्म-लग्न-मृत्यूच्या नोंदवह्या १५३८पासून सुरू झाल्या आणि त्यात नाव लिहीत होता पाद्री किंवा कारकून, कानाला जसं ऐकू येईल तसं. ज्याचं नाव त्याला बहुधा वाचताही येत नसे. शेक्सपिअरच्या ज्या सहा सह्या उरल्या आहेत, त्याही एकसारख्या नाहीत. १८३७ साली सरकारी जन्मनोंदणी आली, शाळा वाढल्या आणि त्या त्या घराचं जे स्पेलिंग तेव्हा चालू होतं ते गोठलं.

याचा निकाल लेस्टर विद्यापीठात लागला. फ्रेडरिक ॲटनबरो जिथे प्राचार्य होते, तेच कॉलेज १९५७मध्ये विद्यापीठ झालं आणि १९८४मध्ये अ‍ॅलेक जेफ्रीज यांना डीएनए-ठसा तिथेच गवसला. तिथल्या तुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी २००९मध्ये ४० ब्रिटिश आडनावांच्या १,६७८ पुरुषांच्या वाय गुणसूत्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कल्पना साधी आहे : वाय गुणसूत्र बापाकडून मुलाकडे जातं, इंग्लंडमध्ये आडनावही तसंच जातं. दोन्ही एकाच वाटेने चालत आली असतील तर त्यांची गाठ पडायला हवी. स्मिथ या आडनावात ती पडली नाही. लोहार गावोगावी होते. दोन स्मिथ एकमेकांचे भाऊबंद असण्याची शक्यता रस्त्यावरच्या कोणत्याही दोघांइतकीच निघाली. विरळ आडनावांत मात्र पडली, आणि ॲटनबरोंमध्ये तर ठळकपणे : दर दहा पुरुषांत जवळजवळ नऊ जणांचं वाय गुणसूत्र एकाच प्रकारचं. स्पेलिंग कसंही असो, हे बहुतांशी एकच विस्तारलेलं कुटुंब आहे.

नकाशा आणि गुणसूत्र दोन्ही एकाच दिशेला बोट दाखवतात, म्हणून हे आडनाव एका गावातून निघालं यावर मी विश्वास ठेवतो. पण इथे एक सावधपणा हवा, कारण ‘एकच पूर्वज’ हे शब्द फार लवकर दैवी वाटू लागतात. सुरुवातीला ‘ॲटनबरोचा’ म्हणवणारे दोघे-चौघे असतील आणि बाकीच्यांचे वंश खुंटले असतील, हेही शक्य आहे. ज्या घरात मुलगे झाले नाहीत, त्याचं आडनाव तिथेच थांबतं. १३४८-४९च्या प्लेगने इंग्लंडची निदान एक तृतीयांश माणसं नेली; कितीतरी नवी आडनावं तेव्हाच बुडाली असणार. १८७०च्या दशकात फ्रान्सिस गॉल्टन आणि हेन्री वॉटसन यांनी आडनावं नष्ट होण्याचं गणित मांडलं, तेव्हा काळजी होती ती बड्या घराण्यांची : त्यांची नावं का मिटताहेत? गणिताने दाखवलं ते असं की त्यासाठी कसलाही ऱ्हास लागत नाही, पिढ्यांचा निव्वळ योगायोग पुरतो. एखादं आडनाव विरळ का, याचं उत्तर बहुतेक वेळा इतकंच असतं.

आणि दहावा माणूस?

आडनाव एक, पण गुणसूत्र वेगळं, असा जो दहातला एक उरतो, त्याच्याबद्दल लोक लगेच कुजबुजू लागतात. विवाहबाह्य संबंध हे एक कारण आहेच. पण दत्तक मूल असतं. लग्नाविना झालेल्या मुलाला आईचं आडनाव मिळतं. सासऱ्याच्या इस्टेटीसाठी जावई त्याचं आडनाव घेतो. हे सगळं एकत्र धरूनही किंग आणि जॉब्लिंग यांनी काढलेलं प्रमाण पिढीमागे एक ते साडेचार टक्क्यांच्या दरम्यान आहे. दर दहांतलं एक तरी मूल दुसऱ्याचं असतं, असं जे छातीठोकपणे सांगितलं जातं, त्याला या आकड्यांत आधार नाही. मात्र दर पिढीचे थोडे थोडे टक्केही सहाशे वर्षांत साचतात, आणि त्यातून राजघराणीही सुटत नाहीत. २०१२मध्ये लेस्टरच्या कार पार्कखाली सापडलेला सांगाडा तिसऱ्या रिचर्डचा, हे त्याच्या बहिणीच्या मातृवंशातून सिद्ध झालं. पण पुरुषवंशातल्या ज्या पाच हयात नातलगांशी ताडून पाहिलं, त्यांतल्या एकाचंही वाय गुणसूत्र त्याच्याशी जुळलं नाही.

याच्या उलट बाजूची नोंदही लेस्टरच्याच संशोधकांनी २००७मध्ये केली. पूर्व यॉर्कशायरमधल्या एका विरळ आडनावाचे १८ पुरुष त्यांनी तपासले. त्यातल्या सातांमध्ये पश्चिम आफ्रिकेत आढळणारं, ब्रिटनमध्ये जवळजवळ अनोळखी असलेलं वाय गुणसूत्र निघालं. दिसायला, वागायला, वंशावळीत ही माणसं अस्सल यॉर्कशायरची. आफ्रिकी पूर्वजाची कोणालाही आठवण नाही. काही शतकांपूर्वी एक माणूस आला, त्याची मुलं तिथलीच झाली आणि इंग्रजी आडनाव त्यांच्यासोबत पुढे चालत राहिलं. ज्यांना आडनावात शुद्ध रक्त दिसतं, त्यांनी हे प्रकरण जरूर वाचावं.

आडनाव आणि वाय गुणसूत्र ही दोन्ही मुळात बापाच्या बापाच्या बापाची एकच रेघ सांगतात. वीस पिढ्या मागे गेलं, तर हिशेबाने दहा लाखांहून जास्त पूर्वजांच्या जागा होतात. त्यातला एकच आपल्या आडनावाचा. बाकीच्या सगळ्या आया, आज्या आणि त्यांची माहेरं या रेघेत नाहीत.

तरीही पर्यटकांच्या दुकानांत ‘तुमच्या आडनावाचं कुलचिन्ह’ छापलेले मग आणि पाट्या विकल्या जातात, आणि माणसं भक्तिभावाने घेतात. इंग्लंडमध्ये कुलचिन्ह आडनावाला मिळत नाही. ते एका व्यक्तीला बहाल होतं आणि तिच्या थेट वंशजांना लागू होतं. १४८४ साली स्थापन झालेलं कॉलेज ऑफ आर्म्स आजही त्याची नोंद ठेवतं. स्टेपलफर्डच्या बेकरीवाल्याला आडनावासोबत कुठलंही कुलचिन्ह मिळालेलं नव्हतं.