उरलेल्या मालाचा धनी कोण ?

तयार कपड्यांचा व्यापार हा मुळांत अंदाजाचा व्यापार आहे. धान्य उरलें तर तें पुढील महिन्यांत खपतें. परंतु थंडीसाठीं शिवलेलें जाकीट चैत्रांत कोणी विकत घेत नाहीं. उरलेल्या मालाची झळ कोणीं सोसावी, हा या धंद्यांतील खरा प्रश्न होय. कपडे कोठें शिवून घ्यावे व दुकानांत कसे पोंचवावे, हे प्रश्न त्याच्याच पोटांत येतात. रोजच्या वापराचे साधे कपडे विकणाऱ्या युनिक्लो या जपानी पेढीच्या उदाहरणानें ही गोष्ट चांगली स्पष्ट होते.

या नांवाचें पहिलें दुकान तादाशी यानाई यांनीं १९८४ सालीं हिरोशिमा येथें उघडलें. आरंभीं इतरांनीं तयार केलेला माल घेऊन विकण्याची रीत होती. पुढें नमुना, कापड, शिलाई आणि विक्री हे चारहि टप्पे पेढीनें एका सूत्रांत ओंवले. शिलाई मात्र मुख्यतः चीन, व्हिएतनाम, बांगलादेश इत्यादि देशांतील परक्या कारखान्यांकडे ठेवली. जपानच्या कापडधंद्यांत आयुष्य घालविलेले वाकबगार कारागीर त्या कारखान्यांत जाऊन रंगाईचे व शिवणीचे बारकावे शिकवितात. त्यांना ‘ताकुमी’, म्हणजे उस्ताद, असें म्हणतात.

आतां किंमत उतरते ती कशानें? नमुने मोजके, परंतु प्रत्येक नमुन्याचे नग लक्षावधि, हें त्यांतील मर्म. एकाच जातीच्या कापडाची प्रचंड मागणी नोंदविली म्हणजे भाव उतरतो. शिवाय, सांगून करविलेला सर्व माल पेढी स्वतःच्या जोखमीवर उचलते. खपला नाहीं म्हणून परत करीत नाहीं. त्यामुळें कारखानदारालाहि कमी भाव परवडतो. १९९८ सालीं ‘फ्लीस’ या उबदार कापडाचें जाकीट १,९०० येनांस विक्रीस आलें. त्या वर्षीं त्याचे २० लक्ष नग खपले. २००० सालीं २ कोटि ६० लक्ष! परंतु घरोघरीं जाकीट झाल्यावर तें आणखी घेणार कोण? २००२ व २००३ या हिशेबी वर्षांत पेढीची विक्री घसरली.

स्पेनमधील झारा या पेढीनें याच प्रश्नाचें निराळें उत्तर काढलें. ती बराचसा माल स्पेन, पोर्तुगाल, मोरोक्को, तुर्कस्तान अशा जवळच्या ठिकाणीं लहान प्रमाणांत करविते आणि दुकानांना आठवड्यांतून दोनदां नवा माल धाडते. शिलाई महाग पडते, पण अंदाज लांबचा करावा लागत नाहीं. युनिक्लोची शिलाई स्वस्त, पण अंदाज कित्येक महिने आधीं बांधावयाचा.

हा धोका कमी करण्याचें काम वितरणाकडे येतें. कोणत्या दुकानांत कोणता रंग, कोणतें माप किती खपलें, याचा आढावा दर आठवड्यास घेतला जातो. प्रत्येक कपड्याच्या चिठ्ठींत रेडिओलहरींनीं वाचतां येणारी खूण असते. त्यामुळें मोजदाद त्वरित होते. टोकियोंतील आरिआके येथील वखारींत २०१८ पासून मालाची बहुतेक हलवाहलव यंत्रेंच करतात.

परंतु भार सर्वस्वीं व्यापाऱ्यावरच राहतो असें नाहीं. मागणी ऐन वेळीं बदलली किंवा मुदत आंखडली, तर जादा तास शिवणाऱ्या बाईलाच भरावे लागतात. २४ एप्रिल २०१३ रोजीं बांगलादेशांत सावर येथें राणा प्लाझा ही इमारत कोसळून ११०० हून अधिक माणसें दगावली. त्यानंतर अनेक परदेशी पेढ्यांनीं कारखान्यांच्या सुरक्षिततेच्या करारावर सह्या केल्या. त्यांत युनिक्लोची मूळ कंपनी फास्ट रिटेलिंग हीहि होती. २०१७ सालीं तिनें आपल्या प्रमुख कारखान्यांची यादी प्रसिद्ध केली.

युनिक्लोचें दुकान २०१९ सालीं दिल्लींत व २०२३ सालीं मुंबईंत कुर्ला येथें उघडलें. एकाच छापाचा माल विकणाऱ्या दुकानांत परदेशी भांडवल शेंकडा ५१ हून अधिक असेल, तर खरेदीपैकीं शेंकडा ३० भाग भारतांतून करावी, असा येथील नियम आहे. तेव्हां या व्यापाराशीं आपला संबंध केवळ गिऱ्हाईक म्हणून नाहीं. त्यांतील कांहीं शिवण आपल्याच देशबांधवांच्या हातची असते. स्वस्ताई ही मोठ्या मागणीची व चोख हिशेबाची कमाई असेल तर ती स्वागतार्हच होय. अंदाज चुकला असतां त्याचें मोल व्यापारी स्वतः भरतो, कीं तें कारागिराच्या रोजांतून वसूल होतें, यावरूनच त्या स्वस्ताईची पारख करावी.