घास उतरतो का?

१४ मार्च १९१३. न्यूयॉर्कच्या जर्मन हॉस्पिटलात फ्रान्झ टोरेक या सर्जनने ६७ वर्षांच्या एका बाईंची छाती उघडली आणि कॅन्सरने धरलेली अन्ननलिका काढून टाकली. छाती उघडून केलेली ही शस्त्रक्रिया तोवर कुणाला साधली नव्हती. नलिका निघाली खरी, पण तिच्या जागी जोडायचं काय? टोरेकने वरचं तोंड मानेपाशी त्वचेवर आणून ठेवलं, खाली पोटावरून जठरात भोक होतंच. ही दोन तोंडं त्याने रबराच्या नळीने जोडली, अंगाच्या बाहेरून. बाई घास चावायच्या, गिळायच्या आणि तो कपड्यांआडच्या नळीतून पोटात जायचा. अशा त्या १३ वर्षं जगल्या.

या रोगावरचं संशोधन वाचताना मला ती रबरी नळी वारंवार आठवते. माणूस किती जगला हे सगळेच मोजतात. घास कसा उतरला, हे फार उशिरा मोजायला लागले.

अन्ननलिका जेमतेम २५ सेंटिमीटरची. ताणली जाणं हेच तिचं काम, म्हणून आतली गाठ बरीच वाढेपर्यंत ती तक्रार करत नाही. आपल्याकडच्या रुग्णाची कहाणी साधारण ठरलेली असते. आधी भाकरी अडकते. मग ती दुधात कुस्करून खाल्ली जाते. मग भात, मग पेज, शेवटी पाणीही परत येतं. मधले महिने ‘पित्त झालंय’ म्हणत गोळ्यांवर निघून जातात आणि तोवर सदरा अंगावर लोंबायला लागलेला असतो. आतड्याला बाहेरून जे पातळ आवरण असतं, ते अन्ननलिकेला नसतं. त्यामुळे तिच्या भिंतीतून बाहेर पडलेली गाठ शेजारच्या श्वासनलिकेला किंवा महारोहिणीला चिकटायला वेळ लागत नाही. २०२२ मध्ये जगभरात या कॅन्सरचे अंदाजे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी ४ लाख ४५ हजार माणसं त्याने गेली. दोन्ही आकडे इतके जवळ असलेले कॅन्सर फार थोडे.

आणखी एक गोष्ट आधीच सांगितलेली बरी. एकाच नळीत दोन वेगळे रोग राहतात. स्क्वेमस नावाचा प्रकार बहुधा वरच्या आणि मधल्या भागात होतो. त्याची मुळं तंबाखू, दारू आणि सुपारीत सापडतात. (चहाही सुटलेला नाही. ६५ अंशांच्या वरची कढत पेयं ‘बहुधा कर्करोगकारक’, असं आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ मध्ये जाहीर केलं. दोष उष्णतेचा, चहापत्तीचा नव्हे.) दुसरा ॲडेनो, खालच्या टोकाचा. वर्षानुवर्षं वर येणारं आम्ल आणि सुटलेलं पोट ही त्याची खतं. भारत, चीन, इराणमध्ये पहिल्याचं राज्य. ब्रिटन, अमेरिका, नेदरलँड्समध्ये दुसऱ्याचं. उपचारांच्या मोठ्या बातम्या येतात त्या मुख्यतः दुसऱ्या मुलखातून.

१९८० मध्ये अर्लम आणि कुन्या-मेलो या दोघांनी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी’त स्क्वेमस प्रकाराचा हिशेब मांडला. १२२ शोधनिबंध, ८३ हजारांवर रुग्ण. निष्कर्ष शाळेतल्या वजाबाकीसारखा सोपा होता. शंभर रुग्ण आले तर ५८ जणांवर शस्त्रक्रिया सुरू व्हायची, ३९ जणांची गाठ निघायची, त्यातले १३ हॉस्पिटलातच दगावायचे. घरी जायचे २६. वर्षाने उरायचे १८, दोन वर्षांनी ९, पाच वर्षांनी ४.

शस्त्रक्रियाही तशीच दांडगी. आयव्हर लुईस या वेल्श सर्जनने १९४६ मध्ये मांडलेली पद्धत आजही वापरात आहे: पोट उघडायचं, जठर सोडवून घ्यायचं, मग उजवी छाती उघडून नलिका काढायची आणि जठरच वर ओढून उरलेल्या टोकाला शिवायचं. ती शिवण फुटली तर छातीत पू होतो. सगळं नीट पार पडलं, तरी पोट आता छातीत आलेलं असतं. दिवसातून सहा वेळा थोडं थोडं खायचं आणि रात्री उशा लावून अर्धवट बसून झोपायचं. हे काम कुठे होतं, यानेही फरक पडतो. २००२ मध्ये अमेरिकेतल्या वृद्ध रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या, तेव्हा ही शस्त्रक्रिया क्वचित करणाऱ्या हॉस्पिटलांत मृत्यूचं प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास आणि वारंवार करणाऱ्यांत ८ टक्क्यांच्या आसपास निघालं. पुढे नेदरलँड्सने हॉस्पिटलांना वर्षाकाठी किमान इतक्या शस्त्रक्रिया करायच्या, नाहीतर करायच्याच नाहीत, असा दंडक घातला.

त्याच छोट्या देशात २००४ ते २००८ या काळात ‘क्रॉस’ नावाची चाचणी झाली. रॉटरडॅमचे सर्जन यान वान लान्सखोट हे तिच्यामागचं महत्त्वाचं नाव. ३६६ रुग्ण, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे दोन गटांत वाटलेले. एका गटाची थेट शस्त्रक्रिया. दुसऱ्याला आधी पाच आठवडे दर आठवड्याला कार्बोप्लॅटिन आणि पॅक्लिटॅक्सेल ही केमो, सोबत २३ वेळा रेडिएशन (आपल्या वॉर्डात ज्याला ‘शेक’ किंवा ‘लाइट’ म्हणतात) आणि मग शस्त्रक्रिया. २०१२ मध्ये निकाल आला. थेट शस्त्रक्रियेच्या गटातले निम्मे रुग्ण २४ महिन्यांच्या आत गेले. दुसऱ्या गटात निम्मे जायला ४९ महिने लागले. शस्त्रक्रियेनंतर हॉस्पिटलात दगावणारे दोन्हीकडे ४ टक्के. अर्लमच्या ३९ मधल्या १३ शेजारी हा आकडा ठेवून पाहा. दहा वर्षांनंतर दुसऱ्या गटातले ३८ टक्के जिवंत होते, थेट शस्त्रक्रियेच्या गटातले २५ टक्के. जगभरच्या हॉस्पिटलांनी ही पद्धत उचलली.

मला मात्र त्या निबंधातल्या दुसऱ्याच गोष्टी अधिक बोलक्या वाटतात. एक, चाचणीत तीन चतुर्थांश रुग्ण ॲडेनोचे होते, पण खरी कमाल स्क्वेमसमध्ये दिसली. केमो आणि रेडिएशननंतर काढलेली नलिका सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली, तेव्हा ॲडेनोच्या २३ टक्के आणि स्क्वेमसच्या ४९ टक्के रुग्णांत कॅन्सरची एकही पेशी सापडली नाही. म्हणजे आपल्याकडच्या प्रकारात जवळजवळ निम्म्या लोकांची निरोगी नलिका कापली गेली होती! स्क्वेमसचे रुग्ण तिथे शंभरही नव्हते, हे विसरून चालणार नाही. दोन, वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलेल्या माणसाला या चाचणीत प्रवेशच नव्हता. पेजेवर आलेला आपला रुग्ण त्या दारातूनच परत गेला असता. उपचार त्याला लागू पडत नाही, असा याचा अर्थ नव्हे. पण ४९ महिन्यांचं वचन त्याला जसंच्या तसं देता येत नाही. आधी नाकातून नळी घालून किंवा पोटावर वाट करून त्याला पोसावं लागतं. ते काम कुठल्याही मथळ्यात येत नाही.

मग जर्मनीतून ‘इसोपेक’ आली. ४३८ रुग्ण, क्रॉसच्या पद्धतीसमोर रेडिएशनशिवायची, शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर द्यायची चार औषधांची ‘फ्लॉट’ केमो. २०२४ मध्ये जाहीर झालेल्या निकालात निम्मे रुग्ण जायला फ्लॉटच्या गटात ६६ महिने लागले, क्रॉसच्या गटात ३७. ‘क्रॉस हरली’ अशी वार्ता पसरली. पण ४३८ पैकी प्रत्येक रुग्ण ॲडेनोचा होता. जपानमध्ये स्क्वेमसच्या ६०१ रुग्णांची वेगळी चाचणी झाली. तिथे शस्त्रक्रियेआधी तीन औषधांची केमो दिलेले ७२ टक्के लोक तीन वर्षांनी जिवंत होते, नेहमीची दोन औषधं मिळालेले सुमारे ६३ टक्के. तिन्ही निकाल खरे आहेत. रुग्ण कोण होता, हे न विचारता कोण जिंकलं एवढंच विचारणारा मात्र फसतो, मग तो नातेवाईक असो की पत्रकार.

त्या निरोगी निघालेल्या नलिकांचं काय? रॉटरडॅमच्या गटानेच तो प्रश्न धसास लावला. ‘सानो’ चाचणी, १२ डच हॉस्पिटलं. क्रॉसचे उपचार संपल्यावर दुर्बीण घालून संशयित जागी एकावर एक, खोल असे तुकडे घ्यायचे, पेट स्कॅन करायचा. कुठेच काही सापडलं नाही, तर दोन वाटा: शस्त्रक्रिया, नाहीतर लक्ष ठेवून थांबणं आणि गाठ परत दिसली तरच सुरी. ३०९ रुग्णांचा निकाल २०२५ मध्ये छापून आला. दोन वर्षांनी थांबलेल्यांपैकी ७४ टक्के जिवंत, शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ७१ टक्के. पहिल्या वर्षातलं जगणं थांबलेल्यांचं अधिक सुसह्य होतं. अर्थात फुकट काहीच नाही. थांबलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्यांच्या नलिकेत गाठ परत उगवली आणि त्यांच्यातल्या बहुतेकांना शेवटी टेबलावर जावंच लागलं. शिवाय दोन वर्षं हा काळ थोडा आहे. ही वाट धरायची, तर दर काही महिन्यांनी दुर्बीण आणि स्कॅन चुकवून चालत नाही. परळच्या टाटा हॉस्पिटलात तपासणीसाठी नांदेड-गडचिरोलीहून येणारा माणूस, गाडीभाडं आणि बुडालेली मजुरी धरून, ती शिस्त किती दिवस पाळेल? माझ्या मते आपल्याकडे ‘थांबून पाहू’ म्हणण्याआधी जिल्ह्याच्या ठिकाणी चांगली दुर्बीण आणि तुकडा नीट वाचणारा डॉक्टर असायला हवा.

आणि ज्यांना यातलं काहीच लागू होत नाही? आपल्याकडे उशिरा आलेले असे रुग्ण पुष्कळ. त्यांच्यासाठीही नेदरलँड्समध्येच एक साधी चाचणी झाली, २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आली. २०९ रुग्ण, सगळे बरे न होणारे. निम्म्यांच्या नलिकेत धातूची जाळी बसवली, निम्म्यांना नलिकेच्या आतून एकदाच रेडिएशन दिलं. जाळीने घास लगेच उतरू लागला. रेडिएशनने उशिरा, पण तो आराम जास्त टिकला आणि गुंतागुंतही कमी झाली. किती महिने वाढले, हा मुख्य प्रश्न तिथे नव्हताच. गिळता येतंय का, एवढंच आधी विचारलं होतं. टोरेकच्या बाईंना हा प्रश्न पटला असता.

तेव्हा दिवाळीच्या फराळात कुणी चकली पाण्यासोबत उतरवत असेल, भाकरी सोडून भातावर आला असेल, तर त्याला पित्ताची गोळी देऊ नका. दोन आठवड्यांहून जास्त दिवस घास अडकत असेल तर दुर्बिणीची तपासणी करून घ्या. आणि निदान झालंच, तर डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा: गाठ स्क्वेमस आहे की ॲडेनो, आणि या शस्त्रक्रिया इथे वर्षाला किती होतात.