जागच्या जागी फिरणारा बोल्ट कसा सोडवावा?

भोर आणि राजगड (पूर्वीचा वेल्हे) तालुक्यांच्या पश्चिमेकडील खोऱ्यांत आषाढातील दिवस फार मोलाचे असतात. तरवे तयार झालेले असतात, खाचरांत पाणी साठलेले असते आणि चिखलणी उरकताच लावणी करावयाची असते. पूर्वी चिखलणीचे काम केवळ बैलांच्या जोडीवर अवलंबून असे. आता अनेक ठिकाणी पॉवर टिलर आला असून एकच टिलर शेजारच्या शेतकऱ्यांची खाचरे पाळीपाळीने करतो. अशा ऐन वेळी रोटरचे पाते मोडते, ते बदलण्यास पाना लावावा तर बोल्ट फिरू लागतो. फिरतच राहतो, परंतु बाहेर मात्र येत नाही. टिलर बांधावर उभा राहतो आणि त्याच्यामागे चार घरांची लावणी खोळंबते. तरव्यातील रोप जून झाले म्हणजे त्यास फुटवे कमी येतात. म्हणजे एका बोल्टाची किंमत अखेर भाताच्या उत्पन्नातून द्यावी लागते.

अशा प्रसंगी बहुतेक जण लांब नळी लावून पान्यावर अधिक जोर देतात. हा उपाय गंजून घट्ट बसलेल्या बोल्टास कधी लागू पडतो. फिरत्या बोल्टास तो मुळीच लागू पडत नाही. नट सुटण्यासाठी दोन गोष्टी आवश्यक असतात : एका भागाने फिरावे आणि दुसऱ्याने स्थिर राहावे. बोल्ट जागच्या जागी फिरतो, याचा अर्थ स्थिर राहावयाचा भाग स्थिर राहिलेला नाही, किंवा दोहोंमधील आटेच नाहीसे झाले आहेत. तेव्हा पाना उचलण्यापूर्वी कोणता भाग फिरत आहे, हे ठरवावे.

त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे. प्रथम इंजिन बंद करून यंत्रास भक्कम टेकू द्यावा. चिखल धुऊन तारेच्या ब्रशाने बोल्ट स्वच्छ करावा. नंतर बोल्टाच्या डोक्यावर खडूची एक रेघ ओढावी. दुसरी रेघ नटावरून बोल्टाच्या टोकापर्यंत सलग ओढावी. नट थोडा फिरवून रेघा पाहाव्यात. दुसरी रेघ न तुटता डोक्यासह सारेच फिरले, तर नट बोल्टास धरून बसला आहे. रेघ तुटली, नट एकटाच फिरला आणि तरीही पुढे सरकला नाही, तर आटे गेले आहेत, असे समजावे.

पहिला प्रकार अधिक आढळतो. लोखंडाचा गंज मूळ लोखंडापेक्षा अधिक जागा व्यापतो. त्यामुळे आट्यांतील बारीक फट भरून नट आवळला जातो. डोके षट्कोनी असेल तर त्यावर दुसरा पाना लावून ते धरावे. पाना अचूक मापाचा असावा. जुन्या यंत्रांवर इंची मापाचे बोल्ट असतात. अर्ध्या इंचाचे डोके १२.७ मिलिमीटरचे असते व त्यावर १३ मिलिमीटरचा पाना सैल बसून कोपरे झिजवितो. शक्य तेथे उघड्या तोंडाच्या पान्याऐवजी रिंग पाना वापरावा.

नांगराच्या फाळाचा बोल्ट मात्र निराळा असतो. लाकडी नांगराचा फाळ पाचरीने व लोखंडी कड्याने बसविला जाई. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी बेळगाव येथे लोखंडी नांगर तयार केले आणि १९१० साली औंध संस्थानात कुंडलजवळ किर्लोस्करवाडीचा कारखाना उभारला. लोखंडी नांगराच्या प्रसाराबरोबर नट-बोल्टांची जोडणीही शेतकऱ्यांच्या नित्य परिचयाची झाली. माती अडू नये म्हणून फाळाच्या बोल्टाचे डोके फाळात बुडविलेले असते आणि त्याखालील चौकोनी मान चौकोनी भोकात अडकून बोल्टास फिरू देत नाही. वापराने हे भोक गोल झाले की मान सुटते व बोल्ट फिरू लागतो.

अशा वेळी डोक्यावर हातोड्याचा एक सरळ ठोका देऊन मान पुन्हा भोकात बसते का, ते पाहावे. तेवढ्याने न भागल्यास करवतीने डोक्यावर खाच पाडावी व तीत जाड पेचकस धरून दुसऱ्या बाजूने नट सोडवावा. वेल्डिंगची सोय असेल तर डोक्यावर जुना नट जोडून घ्यावा. त्यावर पाना चांगला बसतो.

नट गंजला असेल तर डिझेल किंवा गंज सोडविणारे तेल आट्यांवर सोडून काही तास, शक्य तर रात्रभर थांबावे. मधूनमधून नटाच्या बाजूवर हलके ठोके दिल्यास तेल आत झिरपते. तरीही न सुटल्यास तेल नीट पुसून, बोल्ट न तापविता नट तापवावा. १६ मिलिमीटरचे भोक २०० अंश सेल्सिअसने अधिक तापले तर सुमारे ०.०४ मिलिमीटरने रुंदावते. अंतर अल्प दिसते, परंतु गंजाची पकड सुटण्यास ते पुष्कळदा पुरते. मात्र इंधनाची टाकी, तेलाची सील, बेअरिंग आणि हवा भरलेले टायर यांच्याजवळ ज्योत कदापि नेऊ नये. तापलेल्या टायरचा स्फोट होऊन प्राण जाऊ शकतो.

दुसऱ्या प्रकारात, म्हणजे आटे झिजले असता, नटाखाली छिन्नी किंवा पेचकस सारून त्यास बाहेरच्या बाजूस दाब द्यावा आणि दाब कायम ठेवून नट फिरवावा. शिल्लक राहिलेले आटे एकमेकांत अडकले की नट बाहेर येऊ लागतो.

तिसरा प्रकार माल वाहणाऱ्या पिकअपमध्ये आढळतो. तेथे काही नट पत्र्याच्या आतील बाजूस वेल्डिंगने बसविलेले असतात. वेल्डिंग तुटले की आतला नट बोल्टाबरोबर फिरतो आणि तेथवर पाना पोहोचत नाही. बोल्टाच्या डोक्याखाली पहार लावून ते बाहेर ओढून धरावे. आतील नट पत्र्यावर घट्ट टेकतो आणि पुष्कळदा फिरावयाचा थांबतो. गाडीखाली जाण्यापूर्वी ती भक्कम स्टँडवर घ्यावी; केवळ जॅकवर विसंबू नये.

हे सर्व उपाय हरले तर बोल्ट वाचविण्याचा लोभ सोडावा. नटाची एक बाजू बोल्टास समांतर कापून छिन्नीने नट फोडावा, किंवा ग्राइंडरने डोके उडवावे. काम करताना डोळ्यांवर चष्मा अवश्य असावा. नवा बोल्ट थोड्या पैशांत मिळतो. त्याच्या हट्टापायी रोटरची बैठक किंवा इंजिनाचे बिडाचे अंग तडकले तर त्याचा खर्च अनेक पटींनी येतो, आणि भाग मिळेपर्यंत हंगाम निघून जातो.

नवा बोल्ट घेताना डोक्यावरील खूण पाहावी. ८.८ अशी खूण असलेल्या जागी साधा मऊ बोल्ट घालू नये. गोल झालेले चौकोनी भोक वेल्डिंगने भरून कानशीने पुन्हा चौकोनी करून घ्यावे, नाहीतर नवा बोल्टही फिरेल. पाते बदलल्यावर पहिल्या काही तासांच्या कामानंतर सर्व नट पुन्हा आवळावेत.

ही अडचण मुळातच टाळावयाची असेल तर लावणी संपताच टिलर धुऊन कोरडा करावा, उघड्या आट्यांवर ग्रीस लावावे आणि तो खतांच्या पोत्यांजवळ ठेवू नये. खतातील क्षार ओल धरून गंज वाढवितात. मृगापूर्वी पात्यांचे व फाळाचे बोल्ट एकदा सोडवून पुन्हा बसवावेत. जो बोल्ट फिरावयाचा, तो उन्हाळ्यात अंगणात फिरलेला बरा. त्या वेळी तेल मुरण्यास रात्र मिळते आणि लोहाराकडे किंवा भोरच्या बाजारात जाण्यास सवड असते. त्याच फेरीत पात्यांच्या मापाचे चार बोल्ट अधिक आणून टिलरच्या पेटीत ठेवावेत.