धाराशिवच्या बायकांनी जगाला दिलेला पुरावा

लेखमाला : संशोधन आपल्या प्रदेशातले – लेखांक ४

गेल्या आठवड्यात आपण प्रतिजैविकांना दाद न देणाऱ्या जंतूंविषयी वाचले. आज कर्करोगाकडे वळू. गर्भाशयमुखाचा कर्करोग वेळेत ओळखायचा तर कोणती तपासणी करावी, या प्रश्नावरच्या सर्वांत भक्कम पुराव्यांपैकी एक धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांमधून आला. तो कसा मिळाला आणि आपण त्याचे काय केले, हे घराघरात ठाऊक असायला हवे.

सुरुवात बार्शीत झाली. बार्शी, परांडा आणि भूम या तालुक्यांसाठी १९८७ मध्ये देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. शहरात रुग्णालयांच्या दप्तरांतून रुग्ण सापडतात. खेड्यातले कितीतरी रुग्ण मात्र रुग्णालयाची पायरीही न चढता दगावत. म्हणून नोंदणीचे कार्यकर्ते गावोगाव फिरले. त्यांनी लोकांना जमवून लक्षणे समजावली आणि संशयित रुग्णांना बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटलमध्ये तपासणीसाठी पाठवले. या भागातल्या स्त्रियांमध्ये गर्भाशयमुखाचा कर्करोग सर्वाधिक आहे, हे त्या नोंदींतून दिसले. गावात माहिती पोचली की बायका आजाराच्या सुरुवातीच्या टप्प्यातच दवाखान्यात येतात, हेही कळले.

याच पायावर पुढचे मोठे संशोधन उभे राहिले. बार्शीचे हे रुग्णालय, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून गावांचे ५२ समूह केले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे ते चार गटांत वाटले. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ निरोगी स्त्रिया त्यात होत्या. एका गटासाठी या कर्करोगाला कारणीभूत ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूची चाचणी होती, दुसऱ्यासाठी पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशी काचपट्टीवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे. तिसऱ्या गटात व्हीआयए, म्हणजे गर्भाशयमुखावर सौम्य अ‍ॅसिटिक आम्ल लावून पांढरे डाग उमटतात का हे डोळ्यांनी पाहणे. चौथ्या गटाला आरोग्यविषयक माहिती आणि नेहमी मिळते तीच आरोग्यसेवा. प्रत्येक तपासणी एकदाच झाली. ज्यांच्यात दोष आढळला, त्यांच्या पुढील तपासणीची आणि उपचारांची सोय केली गेली.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतरचे निष्कर्ष २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. तपासणी न झालेल्या गटात ६४ स्त्रिया या कर्करोगाने दगावल्या होत्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात, स्त्रियांची संख्या थोडी जास्त असूनही, ३४. पुढच्या टप्प्यातले कर्करोग तपासणी न झालेल्या गटात ८२, एचपीव्ही चाचणीच्या गटात ३९. आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीने मृत्यूचा धोका जवळपास निम्म्यावर आला. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मात्र मृत्यूंमध्ये खात्रीने सांगता येईल अशी घट दिसली नाही.

याचे कारण आजाराच्या स्वभावात आहे. एचपीव्हीचा संसर्ग बहुतेकींच्या शरीरातून आपोआप नाहीसा होतो. ज्यांच्यात तो टिकून राहतो, त्यांच्यातही कर्करोग व्हायला साधारणतः दहा-पंधरा वर्षे किंवा त्याहून अधिक काळ लागतो. विषाणूची चाचणी धोका मुळाशीच पकडते, त्यामुळे ती निर्दोष आली की पुढची कित्येक वर्षे निर्धास्त राहता येते. पॅप तपासणी काचपट्टी वाचणाऱ्याच्या कौशल्यावर अवलंबून, तर व्हीआयए पाहणाऱ्याच्या नजरेवर. पण म्हणून व्हीआयए टाकाऊ ठरत नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये टाटा मेमोरियलने सुमारे दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. त्यात प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी, अशी चार वेळा व्हीआयए केली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

या अभ्यासांवर एक गंभीर आक्षेपही घेतला गेला : एका गटाला तपासणीविना का ठेवले? जिल्ह्यात तपासणीची कोणतीच व्यवस्था नव्हती, त्यामुळे त्या गटाकडून काही काढून घेतलेले नाही, असे संशोधकांचे म्हणणे होते. हे उत्तर मान्य करा वा करू नका, त्या ६४ मृत्यूंमुळे आपली जबाबदारी वाढते. ज्या ज्ञानासाठी एवढी किंमत मोजली गेली, ते कागदावर राहता कामा नये.

बार्शीचे योगदान इथे थांबत नाही. एचपीव्ही लशीच्या दोन मात्रा पुरतात की तीनच लागतात, हे पाहणारा अभ्यास २००९ मध्ये देशात नऊ ठिकाणी सुरू झाला. बार्शी, पुणे आणि मुंबई त्यांत होती. २०१० मध्ये सरकारने लसीकरण थांबवले आणि हजारो मुलींना एकच मात्रा मिळाली. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. एका मात्रेनेही टिकाऊ संसर्गापासून जवळपास तितकेच संरक्षण मिळते, हे पुढे दिसले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये एक मात्रेचा पर्याय स्वीकारला, त्यामागच्या पुराव्यांत या मुलींचाही वाटा आहे.

त्याच संघटनेने २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली : तिशीनंतर, दर पाच ते दहा वर्षांनी. आपल्या देशात काय चित्र आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार ३० ते ४९ वयाच्या शंभर स्त्रियांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नाही. पुरावा आपल्या बायकांनी द्यायचा आणि लाभ दुसऱ्यांनी घ्यायचा, हा अन्याय आहे. एचपीव्ही चाचणी सरकारी आरोग्य केंद्रांत मोफत मिळावी, ही मागणी ग्रामसभेपासून विधानसभेपर्यंत लावून धरली पाहिजे.

तोवर हातात आहे ते करू. तीस ते पासष्ट वयाच्या स्त्रियांनी दर पाच वर्षांनी व्हीआयए करून घ्यावी, असे सरकारी धोरणच सांगते. जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात किंवा ग्रामीण रुग्णालयात चौकशी करा, गावातल्या आशाताईंना विचारा. काही त्रास होत नसला तरी जा, कारण तपासणी निरोगी बाईसाठीच असते. संबंधानंतर किंवा पाळी गेल्यावर रक्तस्राव होत असेल, तर मात्र तपासणीच्या तारखेची वाट न पाहता लगेच डॉक्टरांना दाखवा. आणि घरातल्या पुरुषांनो, आई, बायको, वहिनी यांना तपासणीला न्यायचे काम तुम्ही अंगावर घ्या.

(पुढील आठवड्यात : औषधांचे दुष्परिणाम कोण नोंदवते?)