पैशाचा पत्ता काय?

देशाच्या प्रत्यक्ष करातला एक तृतीयांशाहून मोठा वाटा एकटा महाराष्ट्र भरतो. देशाच्या एकूण उत्पन्नात मात्र राज्याचा हिस्सा जेमतेम १३ टक्के. याचं एक मोठं कारण पत्ता! कारखाना कुठल्याही राज्यात धडधडत असो, मुख्यालय नरिमन पॉइंटला असेल तर कंपनीचा कर मुंबईच्या खात्यावर पडतो.

राज्यांचे वाटे काळानुसार बदलतातही. पश्चिम बंगालची घसरगुंडी तर चटका लावणारी. १९६०-६१ मध्ये देशाच्या उत्पन्नात वाटा १०.५ टक्के, २०२३-२४ मध्ये ५.६.

राज्यांकडून आता जिल्ह्यांकडे: पालघर. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचं विभाजन होऊन पालघर वेगळा जिल्हा झाला. तोवर मोखाड्याचा पाडा आणि घोडबंदर रोडवरचा टॉवर एकाच सरासरीत नांदत होते. नकाशावर रेघ पडली आणि एका आकड्याचे दोन आकडे झाले. कुणाच्या खिशातला रुपया काही हलला नाही. बरं, मोखाड्याची खरी स्थिती अजूनही दिसत नाहीच, कारण नव्या सरासरीत वसई-विरार आणि तारापूरची एमआयडीसी शेजारी येऊन बसली. राज्यं मोजली तर विषमता कमी दिसते, जिल्हे मोजले तर वाढते, तालुके मोजले तर आणखी. म्हणून कुणी विषमतेचा आकडा तोंडावर फेकला, की आधी विचारावं: रेघ कुठे मारलीत?

विषमतेच्या मोजपट्ट्याही एकेक नमुने आहेत. हूव्हर निर्देशांक सांगतो, सगळीकडचं दरडोई उत्पन्न सारखं करायचं तर एकूण उत्पन्नातला किती टक्के भाग इकडून उचलून तिकडे द्यावा लागेल. साहजिकच टोपणनाव पडलं ‘रॉबिन हूड’. अर्थतज्ज्ञ एडगर हूव्हर यांनी १९३६ मध्ये उद्योग कुठे एकवटलेत हे मोजण्यासाठी तो वापरला. एफबीआयचे हूव्हर ते वेगळे! डच अर्थतज्ज्ञ हेन्री थाइल यांनी १९६७ मध्ये आपली मोजपट्टी थेट संदेशवहनाच्या गणितातून उचलली. राज्याराज्यांमधली दरी किती आणि राज्याच्या पोटातली किती, हे ती वेगवेगळं काढून देते, त्यामुळे आमचं मत तिलाच. आणि ज्यांच्या नावाने जग विषमता मोजतं, त्या कोराडो जिनींनी १९२७ मध्ये फॅसिझमला शास्त्रीय आधार देणारा लेख लिहिला होता.

आकडेच नसतील तिथे? उपग्रहातून रात्रीचे दिवे मोजून उत्पन्नाचा अंदाज बांधतात. पण समुद्रातल्या तेलविहिरींवर जळणारा वायू वरून शहरासारखा झगमगतो. तो आधी वगळावा लागतो, नाहीतर बोंबील-पापलेटांचं दरडोई उत्पन्न निघायचं.