विळी, सुरी आणि डावा हात

भाजी चिरण्याची मराठी घरातली दोन साधने म्हणजे विळी आणि सुरी. कांदा दोन्हींनी चिरता येतो, पण दोन्हींचे काम एकमेकांच्या उलट चालते. विळीचे पाते जागचे हलत नाही, भाजी त्याच्यावर सरकते. सुरीखाली भाजी जागेवर असते आणि पाते हलते. घरी चिरायला शिकणाऱ्याने आधी हा फरक ध्यानात घ्यावा, कारण कोणते बोट कुठे ठेवायचे हे त्यावरच ठरते.

मुंबईत गिरगाव, परळ, लालबागच्या चाळींत विळी दीर्घकाळ टिकली ती जागेमुळे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. त्यात स्वयंपाक जमिनीवर बसूनच होई आणि काम झाले की पाते मुडपून विळी कोपऱ्यात सरकवता येई. विळीवर बसणारी बाई एक गुडघा उभा धरते आणि पाट पायाने दाबून ठेवते. धार तिच्याकडे तोंड करून असते, पण जोर अंगापासून दूर, पुढे पडतो. दोन्ही हात मोकळे राहतात, त्यामुळे मेथीची जुडी मुठीत आवळून सरसर चिरता येते आणि चिरलेले थेट ताटात पडते. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांचे काम याच पाटावर चाले. याच बायकांना घेऊन प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले. विळीवर फणस, सुरण, लाल भोपळा फोडताना अंगाचे सगळे वजन कामी येते, म्हणून विळी जुनाट ठरवून माळ्यावर टाकणे योग्य नाही.

तरी नव्या माणसाने आज सुरुवात सुरीनेच करावी. स्वयंपाक ओट्यावर आला, मांडी घालून बसणे अनेकांना जमत नाही, आणि लहान मुलांच्या घरात जमिनीवर उघडे पाते नको. सहा ते आठ इंच पात्याची, हातात पेलेल अशी एकच सुरी पुरते. तिच्याबरोबर लाकडी किंवा प्लॅस्टिकचा पाट हवा आणि पाटाखाली ओले फडके हवे. पाट सरकला की सुरी चुकते.

सुरी धरताना बहुतेक जण बाकीची बोटे मुठीवर आवळतात आणि तर्जनी पात्याच्या पाठीवर लांब ठेवतात. त्याने पाते डुलते. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत पाते मुठीजवळ पकडावे, उरलेली तीन बोटे मुठीभोवती ठेवावीत. खरे शिकायचे असते ते डाव्या हाताने. डावखुऱ्यांनी अर्थातच उलट समजावे. भाजी धरणाऱ्या या हाताच्या बोटांची टोके आत वळवावीत, अंगठा त्यांच्या मागे लपवावा, आणि मधल्या बोटाचे पेर पात्याच्या सपाट बाजूला टेकवावे. पेर मागे सरकते तितकीच जाड फोड पडते. पाते पेराच्या वर उचलले नाही, तर बोट कापले जाण्याचा संभव फारच कमी. विळीवर वर्षानुवर्षे हात बसलेल्यांना हेच अवघड जाते, कारण तिथे बोटे पात्याच्या दोन्ही बाजूंनी पुढे जातात. अशांनी पहिले काही दिवस मुद्दाम सावकाश चिरावे.

दादरला वीर सावरकर मार्गावर जे केटरिंग कॉलेज आहे, ती संस्था लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने १९५४ साली सुरू झाली. अशा संस्थांत जुलियन, ब्रुन्वाज अशा फ्रेंच नावांनी चिरण्याचे प्रकार शिकवले जातात. मराठी घरातही प्रकार कमी नाहीत: बटाट्याच्या काचऱ्या, वांग्याचे काप, भेंडीच्या चकत्या, कांदा उभा किंवा बारीक. खमंग काकडीची काकडी तर चोचवलीच पाहिजे. सोललेली काकडी डाव्या हातात उभी धरून टोकावर सुरीचे जवळजवळ, आडवेउभे घाव घालायचे आणि मग वरचा थर कापून घ्यायचा. तुकडे लहानमोठे पडतात आणि दाताखाली करकरीत लागतात. किसलेल्या काकडीला ही चव येत नाही.

कांदा हा सरावाचा उत्तम धडा. देठाकडचे टोक कापावे, मुळाकडची गाठ मात्र ठेवावी. गाठीतून दोन भाग करून साल काढावी आणि सपाट बाजू पाटावर टेकवावी. गाठीपर्यंत न पोचणारे उभे छेद जवळजवळ द्यावेत, मग आडवे चिरत यावे. गाठीने पाकळ्या एकत्र धरलेल्या असतात, म्हणून कांदा विखुरत नाही. डोळ्यांत पाणी येते ते कांद्याच्या पेशी फुटून, त्यांतल्या एन्झाइमांमुळे तयार होणाऱ्या गंधकयुक्त वायूने. बोथट पाते पेशी चिरडते आणि हा वायू जास्त सुटतो. धारदार सुरीने कांदा कमी रडवतो, तो यामुळे.

फोडी सारख्या का हव्यात, याचे उत्तर कढईत मिळते. फोडीची जाडी दुप्पट झाली, की उष्णता मध्यापर्यंत पोचायला सुमारे चौपट वेळ लागतो. मग बटाट्याची एक काचरी करपते आणि दुसरी कच्ची राहते. ऋषीपंचमीच्या भाजीत सुरण, भोपळा, भेंडी, मका एकत्र शिजतात. तिथे कठीण ते लहान आणि मऊ ते मोठे चिरावे. सुरणाला हात लावण्यापूर्वी तळव्यांना तेल चोळावे, कारण त्यात कॅल्शियम ऑक्झॅलेटचे सुईसारखे स्फटिक असतात आणि तेच खाजवतात. फणसाच्या चिकासाठीही हाताला आणि पात्याला तेलच लावतात. भेंडी धुऊन कोरडी पुसून चिरावी, वांगे चिरताच पाण्यात टाकावे.

बोथट सुरी धारदार सुरीपेक्षा जास्त कापते. ती टोमॅटोच्या सालीवरून घसरते, माणूस जोर लावतो आणि पाते बोटावर येते. नागदेवी स्ट्रीटला धारेचे दगड मिळतात. दगड भिजवून पाते १५ ते २० अंशांत तिरके धरावे आणि दोन्ही बाजूंनी सारखे ओढावे. दगड नसेल तर चिनी मातीच्या बरणीच्या बुडाची खरखरीत कड तात्पुरती चालते. सुरी सिंकमध्ये फेसाखाली कधीही सोडू नये, आणि हातातून निसटलेली सुरी झेलू नये. मागे सरकून पडू द्यावी.

मासे शेवटी शिकावेत, आणि बोंबलापासून. डोके, पर काढून पोटाकडून काट्यालगत उभी चीर द्यायची, पुस्तकासारखा उघडायचा आणि पाणी निघेपर्यंत पाट्याखाली दाबून ठेवायचा. ओला बोंबील मऊ आणि निसरडा असल्याने बोथट सुरीने तो फाटतो. मासळी बाजारात कोळीण मावशींच्या कोयत्याखाली तो काही क्षणांत साफ होतो. गर्दी नसेल अशा वेळी जावे आणि एक बोंबील सावकाश कापून दाखवायला त्यांना सांगावे.