उपयोजित मानसशास्त्र : पदवी आणि पात्रता

पदवी हाती आली म्हणजे व्यवसायाची पात्रता आली, हे समीकरण आपल्याकडे इतके रूढ आहे की, त्याची फेरतपासणी करण्याची गरज सहसा कोणाला भासत नाही. वैद्यक किंवा कायदा या शाखांपुरते ते बऱ्याच अंशी खरेही ठरते. कारण तेथे पदवीच्या पाठीशी प्रात्यक्षिकाची आणि नोंदणीची साखळी फार पूर्वीपासून बांधलेली आहे. मानसशास्त्राच्या बाबतीत मात्र ही साखळी अजून पुरती जुळलेली नाही. दरवर्षी अनेक पदवीधर उपयोजित मानसशास्त्राच्या एम. ए. अभ्यासक्रमाकडे वळतात. त्यांत महाविद्यालयातून नुकतेच बाहेर पडलेले तरुण असतात, तसेच नोकरी सांभाळून शिकू पाहणारे शिक्षक आणि कारकूनही असतात. दोन वर्षे अभ्यास, मग परीक्षा आणि त्यानंतर दारावर समुपदेशकाची पाटी, असे चित्र त्यांतील अनेकांच्या मनात असते. हे चित्र अपुरे आहे. त्याचा तोटा केवळ विद्यार्थ्याला होतो असे नव्हे. उद्या त्याच्यासमोर विश्वासाने बसणाऱ्या माणसालाही तो सोसावा लागतो.

प्रयोगशाळेतून समाजाकडे

भारतीय विद्यापीठांत मानसशास्त्राचा स्वतंत्र विभाग प्रथम स्थापन झाला तो कलकत्ता येथे, १९१६ मध्ये. नरेंद्रनाथ सेनगुप्त हे त्याचे पहिले प्रमुख. त्याच विद्यापीठात १९३८ मध्ये उपयोजित मानसशास्त्राची शाखा निघाली. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाने १९५० मध्ये विभाग काढला तो प्रायोगिक मानसशास्त्राचा. मुंबई विद्यापीठाने १९५९ मध्ये काढला तो उपयोजित मानसशास्त्राचा. नावांतील हा फरक अर्थपूर्ण आहे. प्रयोगशाळेत मनाचे नियम शोधणे हे एक काम. ते नियम शाळा, रुग्णालय, कारखाना आणि न्यायालय येथील जिवंत माणसांसाठी वापरणे हे दुसरे. दुसऱ्या कामाला पहिल्याचा पाया लागतो, पण पाया म्हणजे घर नव्हे.

उपयोजित मानसशास्त्र म्हणजे केवळ मनोरुग्णांवर उपचार, हा समजही दूर व्हावयास हवा. लष्करी अधिकाऱ्यांच्या निवडीसाठी १९४३ मध्ये डेहराडून येथे प्रायोगिक मंडळ स्थापन झाले. आजही सेवा निवड मंडळांत उमेदवाराची पारख करणाऱ्यांमध्ये मानसशास्त्रज्ञ असतो. कुटुंब न्यायालयांच्या १९८४ च्या कायद्याने समुपदेशकांची तरतूद केली आहे. विभक्त होण्यासाठी आलेल्या पतिपत्नींशी न्यायाधीशाच्या आधी बोलण्याचे नाजूक काम महाराष्ट्रातील या न्यायालयांत विवाह समुपदेशक करतात.

औद्योगिक क्षेत्रातील एक उदाहरण तर आवर्जून सांगण्याजोगे आहे. अहमदाबादच्या कॅलिको गिरणीत स्वयंचलित माग बसविले गेले, तरी अपेक्षेप्रमाणे काम होईना. १९५३ मध्ये लंडनच्या टॅव्हिस्टॉक संस्थेचे ए. के. राइस यांनी त्या विभागाचा अभ्यास केला. २२४ मागांवर २९ कामगार होते आणि त्यांची कामे १२ प्रकारांत वाटलेली होती. कोणी धागा जोडणार, कोणी बॉबिन बदलणार, कोणी तेल घालणार. परंतु अमुक एक माग आपला, असे कोणालाच म्हणता येत नव्हते. राइस यांनी दोष कामगारांच्या आळसात शोधला नाही, तर कामाच्या मांडणीत शोधला. ठरावीक मागांची जबाबदारी एकत्रितपणे घेणारे छोटे गट करण्यात आले. कार्यक्षमता वाढली आणि कापडाचे नुकसान घटले. माणूस बदलण्याआधी त्याची परिस्थिती तपासावी, हा उपयोजित मानसशास्त्राचा पहिला धडा आहे आणि तो पुस्तकापेक्षा गिरणीच्या आवारात अधिक चांगला शिकता येतो.

कायदा काय सांगतो

या पार्श्वभूमीवर पदवीचे व्यावसायिक मूल्य तपासले पाहिजे. भारतीय पुनर्वास परिषदेचा कायदा १९९२ मध्ये झाला. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ, म्हणजे ज्याला सर्वत्र क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणतात तो, या परिषदेच्या नोंदणीखाली येतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील त्याची व्याख्या विद्यार्थ्यांनी मुळातून वाचावी. तीत उपयोजित मानसशास्त्राच्या पदव्युत्तर पदवीचा नावानिशी उल्लेख आहे. परंतु तेवढ्यावर ती थांबत नाही. त्या पदवीनंतर दोन वर्षांचा पूर्णवेळ एम. फिल. अभ्यासक्रम, तोही देखरेखीखालील रुग्णसेवेच्या प्रशिक्षणासह आणि परिषदेने मान्य केलेला, अशी तिची अट आहे. याचा अर्थ स्पष्ट आहे. एम. ए. हा या वाटेवरील उंबरठा आहे, मुक्काम नव्हे.

त्यातच ही वाट सध्या वळण घेत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ च्या नियमांनी एम. फिल. ही पदवी बंद केली. पण चिकित्सा मानसशास्त्र आणि मनोविकार समाजकार्य या दोन विषयांतील प्रवेशांना २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापर्यंत सवलत दिली. दुसरीकडे, संलग्न आरोग्य व्यवसायांसाठी २०२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय आयोगाच्या कायद्याने इतर मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांनाही आपल्या कक्षेत घेतले. याच कायद्याचा आधार घेऊन २०२५ मध्ये आयोगाने मानसशास्त्राचे अभ्यासक्रम दूरशिक्षणाने वा ऑनलाइन पद्धतीने चालविण्यास मनाई केली.

या शेवटच्या निर्णयाची झळ नोकरदारांना बसली आहे. तालुक्याच्या गावी शिकविणारा शिक्षक किंवा कचेरीतील कारकून रात्री अभ्यास करून ही पदवी मिळवू शकत असे. ती वाट आता बंद झाली. त्यांची हळहळ समजण्यासारखी आहे. तथापि, निर्णयामागील तत्त्व नाकारता येत नाही. माणसाशी बोलण्याची विद्या माणसांपासून दूर राहून पुरती शिकता येत नाही. प्रश्न तत्त्वाचा नसून सोयीचा आहे. सायंकाळच्या किंवा सुट्टीतील वर्गांची प्रत्यक्ष उपस्थितीची व्यवस्था जिल्ह्याच्या ठिकाणी झाली नाही, तर एक सद्हेतूने घेतलेला निर्णय शहरातील सुस्थितांच्याच सोयीचा ठरेल.

कसोटी आणि तिची भाषा

परंतु नोंदणी आणि नियम यांहूनही मूलभूत असा एक प्रश्न आहे, आणि तो भाषेचा आहे. उपयोजित मानसशास्त्राचे प्रमुख साधन म्हणजे कसोटी. कसोटी म्हणजे प्रश्नांची यादी नव्हे. ती विशिष्ट समाजातील पुरेशा व्यक्तींना देऊन, त्यांच्या उत्तरांवरून मानके ठरवून, तिची विश्वसनीयता आणि सप्रमाणता तपासून सिद्ध केलेली असते. एका समाजाची मानके दुसऱ्या समाजाला लावणे म्हणजे एका गावचा शेर दुसऱ्या गावच्या बाजारात चालविणे होय.

जुन्या पिढीतील अभ्यासकांना हे पक्के ठाऊक होते. सी. हर्बर्ट राइस यांनी लाहोरात १९२० नंतरच्या दशकात बिने कसोटीचे हिंदुस्थानी रूप तयार केले. डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी धारवाड येथे मराठी आणि कानडी मुलांसाठी बिने कसोटी नव्याने बसविली आणि १९४० मध्ये भारतीय मुलांच्या बुद्धिमापनावरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. निरक्षर मुलाचीही बुद्धी मोजता यावी म्हणून सी. एम. भाटिया यांनी उत्तर प्रदेशात शब्दांऐवजी कृतींवर आधारलेली कसोटीमाला रचली. ती १९५५ मध्ये प्रसिद्ध झाली. वेक्स्लरच्या मुलांसाठीच्या कसोटीला भारतीय रूप देण्याचे मालिन यांचे काम तर नागपुरातच झाले. ही माणसे परदेशी साधने घेत होती, पण ती जशीच्या तशी वापरत नव्हती.

आज अनेक प्रबंधिकांत काय दिसते? इंग्रजी प्रश्नावली घ्यावयाची, ती जवळच्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांकडून भरून घ्यावयाची आणि आकडेमोड करून निष्कर्ष मांडावयाचे. मराठी भाषांतर झालेच, तर 'मला खिन्नतेचा अनुभव येतो' अशा धाटणीचे. प्रत्यक्षात तक्रार घेऊन आलेली बाई खिन्नतेचा अनुभव सांगत नाही. ती म्हणते, 'जीव घाबरा होतो', 'करमत नाही', 'डोक्याला मुंग्या येतात', 'हातापायांत त्राणच राहिले नाही'. यांतील कोणते वाक्य शरीराच्या आजाराचे, कोणते चिंतेचे आणि कोणते सासरी दिवस काढणे असह्य झाल्याचे, हे ओळखणे म्हणजेच निदानाची सुरुवात. हे ज्ञान भाषांतरित प्रश्नावलीत सापडत नाही. ते अनुभवी मार्गदर्शकाच्या शेजारी बसून, शंभर माणसांचे बोलणे ऐकून हळूहळू अंगी बाणते.

शाळांतही हीच अडचण आहे. राज्यात २०१६ पासून दहावीच्या विद्यार्थ्यांची कलचाचणी सुरू झाली, तेव्हा घरोघरी तिच्या निकालाची चर्चा झाली. कल म्हणजे आवड. क्षमता म्हणजे ते काम जमण्याची शक्यता. गाण्याची आवड असणे आणि गळा असणे यांत जेवढे अंतर, तेवढेच या दोहोंत. चाचणी घेणे सोपे असते. मात्र तिचा अर्थ सोळा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या वडिलांना समजावून सांगणे अवघड असते. त्या क्षणी समुपदेशक अप्रशिक्षित असेल, तर कागदावरील एका शब्दाने मुलाची वाट चुकू शकते.

गरज मोठी, तयारी अपुरी

गरज किती आहे, हे सांगावयास फार आकडे नकोत. बंगलोरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत सर्वेक्षण केले. त्यात प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक विकार असल्याचे आढळले. आणि चिंता-नैराश्यासारखे विकार असलेल्यांपैकी सुमारे ८५ टक्के उपचारांपासून दूर होते. त्या १२ राज्यांत महाराष्ट्र नव्हता, हेही लक्षात ठेवावे. २०२२ मध्ये केंद्र सरकारने १४४१६ या क्रमांकाची दूरध्वनी सेवा सुरू केली. अशा सेवेत पलीकडच्या टोकाला रडणाऱ्या माणसाशी त्याच्याच बोलीत बोलू शकणारा, आणि केव्हा आपण थांबून मनोविकारतज्ज्ञाकडे पाठवावे हे जाणणारा प्रशिक्षित माणूस लागतो.

मराठीत असे काम होऊ शकत नाही, असे म्हणण्यास जागा नाही. डॉ. वि. वि. पेंडसे यांनी १९६२ मध्ये पुण्यात ज्ञान प्रबोधिनी उभी केली ती मानसशास्त्राच्याच बैठकीवर. पुण्याचे मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र १९८६ मध्ये आणि ठाण्याची इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ १९९० मध्ये सुरू झाली. या संस्थांनी मनाच्या प्रश्नांविषयी मराठीत बोलण्याची सवय समाजाला लावली. विद्यापीठांनी त्यांच्या अनुभवाशी आपल्या अभ्यासक्रमाचे नाते अधिक घट्ट जोडावयास हवे.

त्यासाठी तीन गोष्टी अवघड नाहीत. पहिली, प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्याला स्पष्ट सांगावे की, या पदवीने कोणते काम करता येते, कोणते येत नाही आणि पुढे कोणती नोंदणी लागते. माहितीपत्रकातील एका पानाने अनेकांची दोन वर्षांनंतरची निराशा टळेल. दुसरी, प्रत्यक्ष कामाचे तास वाढवावेत. नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदव्युत्तर अभ्यासक्रमात कार्यप्रशिक्षणाला वा क्षेत्र-प्रकल्पाला ४ श्रेयांक मिळाले, ही चांगली सुरुवात आहे; पण ते तास केवळ प्रमाणपत्रापुरते न उरता अनुभवी मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली जावयास हवेत. ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथील प्रादेशिक मनोरुग्णालये, कुटुंब न्यायालये, शाळा आणि कारखाने हीच या विषयाची खरी प्रयोगशाळा आहे. तिसरी, प्रबंधिकांचे श्रम एकत्र आणावेत. चार-पाच विद्यापीठांनी मिळून एक कसोटी निवडली आणि प्रत्येक विद्यार्थ्याने आपल्या जिल्ह्यातील माहिती ठरलेल्या पद्धतीने गोळा केली, तर थोड्याच वर्षांत कोकण, विदर्भ, मराठवाडा यांना लागू पडणारी मराठी मानके सिद्ध होतील. आज हेच श्रम ग्रंथालयाच्या कपाटात सुटेसुटे पडून राहतात.

विद्यार्थ्यानेही स्वतःला एक प्रश्न विचारला पाहिजे. ही विद्या आपल्याला नोकरीसाठी हवी आहे, यात गैर काही नाही; उपजीविका हा प्रामाणिक हेतू आहे. मात्र या व्यवसायात कच्च्या तयारीची किंमत प्रथम दुसरा माणूस मोजतो. गवंड्याने भिंत वाकडी बांधली तर ती दिसते; समुपदेशकाने चुकीचा सल्ला दिला तर तो कित्येकदा कोणालाच दिसत नाही. म्हणून येथे परीक्षेतील गुणांपेक्षा देखरेखीखाली केलेल्या कामाची वही अधिक मोलाची मानावी लागेल, आणि विद्यापीठांनीही विद्यार्थ्याची परीक्षा त्या वहीवरून घ्यावी लागेल.